एन्व्ह व्हेरिएबल तपासायचे कुठे, किती, आणि चुकले तर काय छापायचं

प्रश्न थोडक्यात असा: नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चालणारं वेब ॲप्लिकेशन आहे, तीसेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून दिलेली सेटिंग) आहेत, कोडमध्ये जिथे गरज पडली तिथे प्रोसेस.एन्व्हमधून ती वाचलीत आणि पुढे || (‘नाहीतर हे घ्या’) लावून डिफॉल्ट दिलाय. प्रॉडक्शनमध्ये पेमेंटची की रिकामी राहिली आणि ते दोन दिवसांनी कळलं. आता झॉड (डेटा नियमांशी ताडून बघणारी लायब्ररी) लावून सगळं तपासायचं ठरवलंय. तेवढं पुरेल का, आणि तपासताना सीक्रेट (पासवर्ड, की असल्या गुप्त किंमती) लॉगमध्ये सांडणार नाहीत याची काळजी कशी घ्यायची?

झॉड लावाच. पण तुमचं नुकसान झॉड नसल्यामुळे झालं नाही, ते || मुळे झालं. आधी ते काढा. व्हेरिएबल मुळात नसणं आणि असून रिकामं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. || दोन्ही एकाच पारड्यात टाकतं आणि वर डिफॉल्टचं पांघरूण घालतं. तुमच्या डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी नाव लिहिलं आणि किंमत भरायची राहिली. हे ॲपला सुरू होतानाच दिसायला हवं होतं. ते दिसू नये अशी सोय कोडनेच करून ठेवली होती.

एन्व्हायर्नमेंट हा प्रकार युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९७९ पासून, आहे तसाच आहे: प्रोसेस सुरू होताना तिच्या हातात दिलेली ‘नाव=किंमत’ अशा मजकुराची यादी. तिथे आकडा नाही, हो-नाही नाही, यादीत यादी नाही. सगळं नुसती अक्षरं. त्यामुळे खरं काम ‘आहे की नाही’ बघण्याचं नाही, अक्षरांतून प्रकार काढण्याचं आहे, आणि घोळ तिथेच होतात.

पोर्टचंच घ्या. पोर्ट हे व्हेरिएबल रिकामं आहे आणि तुम्ही त्याला नंबर() मधून काढलंत. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगचा आकडा शून्य येतो. पोर्ट शून्यावर ऐकायला सांगितलं की ऑपरेटिंग सिस्टीम मोकळं असेल ते कुठलंही पोर्ट देते. ॲप म्हणतं ‘सुरू झालो’, लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या ॲपकडे वाटणारा) ३००० वर दार ठोठावत बसतो. पार्सइंट वापरलंत तर ‘३०००’ च्या मागे चुकून चार अक्षरं चिकटलेली असली तरी ते मुकाट्याने ३००० देतं. आणि काहीच रूपांतर न करता थेट लिसनला (पोर्टवर ऐकायला लावणाऱ्या फंक्शनला) दिलंत आणि त्यात आकड्याऐवजी शब्द असला, तर नोड त्याला युनिक्स सॉकेटचा (एकाच मशीनवरच्या प्रोसेसनी फाइलमार्गे बोलण्याची सोय) मार्ग समजतो आणि चालू फोल्डरमध्ये त्या नावाची सॉकेट फाइल बनवून मोकळा होतो. तिन्ही वेळा एरर नाही. म्हणून पोर्टचा नियम पूर्ण लिहायचा: फक्त अंक, १ ते ६५५३५, बाकी काहीही आलं तर ॲप सुरू होणार नाही.

हो-नाहीचं याहून वाईट आहे. ‘फॉल्स’ हा शब्द भरलेली स्ट्रिंग जावास्क्रिप्टला खरी वाटते, कारण ती रिकामी नाही. पायथनमध्येही बूल() ला ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग दिली की ट्रू मिळतं. तुम्ही झॉड घेणार आहात म्हणून मुद्दाम सांगतो: झॉडचं कोअर्स.बूलियन आतून हेच करतं, त्यामुळे डीबग=फॉल्स लिहिलं की डीबग चालू होतं. झॉडच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी स्ट्रिंगबूल आलंय, ते वापरा. जुन्या आवृत्तीवर असाल तर दोनच शब्दांचा एनम (ठरलेल्या किंमतींची यादी) करा आणि मग रूपांतर करा. मी स्वतः ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ एवढेच शब्द चालवतो. १, येस, ऑन हे सगळे स्वीकारणं सोयीचं वाटतं, पण मग प्रत्येक सर्व्हिस आपापलं वेगळं स्वीकारते, आणि रात्री कुणीतरी एका सर्व्हिसची सवय दुसरीकडे नेतं.

आता एक प्रसंग सांगतो, कारण त्याच्यानंतर मी नोड_एन्व्हकडे (ॲप डेव्हलपमेंटमध्ये चालतंय की प्रॉडक्शनमध्ये हे सांगणारं व्हेरिएबल) सीक्रेटइतक्याच गांभीर्याने बघायला लागलो. एका प्रकल्पात ग्राहकाच्या विंडोज सर्व्हरवर आमचं एक्सप्रेसचं (नोडवरचं वेब फ्रेमवर्क) ॲप चालायचं. एक दिवस त्यांच्याकडून स्क्रीनशॉट आला: ब्राउझरमध्ये अख्खा स्टॅक ट्रेस (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आला याची यादी), फोल्डरच्या मार्गांसकट, आतल्या मॉड्यूलच्या नावांसकट. एक्सप्रेस प्रॉडक्शनमध्ये असं दाखवत नाही. सेटिंग बघितलं तर ‘प्रॉडक्शन’ लिहिलेलं होतं. दोन तास गेले. शेवटी मी त्या किंमतीची लांबी मोजली. ‘प्रॉडक्शन’ला इंग्रजीत १० अक्षरं, आणि आकडा आला ११. बॅच फाइलमध्ये सेट करून पुढे && लावून नोड चालवलं होतं, आणि विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट && च्या आधीची मोकळी जागासुद्धा किंमतीत धरतो. एक्सप्रेसची तुलना काटेकोर असते. शेवटी स्पेस असलेला शब्द तिच्या लेखी प्रॉडक्शन नाही, मग ती डेव्हलपमेंटसारखी वागते. ‘प्रॉड’ असं आखूड लिहिणाऱ्यांच्याही वाट्याला नेमकं हेच येतं.

तर नोड_एन्व्हसाठी डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन या तीनच किंमती, आणि डिफॉल्ट नाही. व्हेरिएबल नसेल तर डेव्हलपमेंट समजणं हा फ्रेमवर्कने केलेला उलटा निर्णय आहे. विसरलात तर सैल वागणूक मिळते. तुमच्या स्कीमामध्ये (झॉडसाठी लिहिलेल्या नियमांमध्ये) तो सुलटा करा.

मोकळी जागा आली कुठून याचा विचार केला तर कळतं की किंमत तुमच्यापर्यंत येईपर्यंत तीन-चार हातांतून जाते, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. डॉटएन्व्ह लायब्ररी (फाइल वाचून व्हेरिएबल भरणारी) अवतरणचिन्हं काढून टाकते. डॉकर रनला (कंटेनर सुरू करणारी कमांड) एन्व्ह-फाइल दिली तर तो ती चिन्हं किंमतीचाच भाग मानतो. एकच फाइल, लॅपटॉपवर चालते, कंटेनरमध्ये पासवर्ड चुकीचा ठरतो. अवतरणाबाहेरचं # आलं की डॉटएन्व्ह पुढचं सगळं कॉमेंट समजून कापते. पासवर्डमध्ये $ असेल तर डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) त्याला दुसऱ्या व्हेरिएबलचं नाव समजून बदलायला जातो. कुबरनेटिसचं (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) सीक्रेट बनवताना इको करून बेस६४ केलं आणि -एन (शेवटी नवी ओळ नको) द्यायचं राहिलं, तर शेवटी नवी ओळ चिकटते; डोळ्यांना दिसत नाही, पण डेटाबेस दार उघडत नाही.

आणि कुबरनेटिसची ही एक गंमत नाही, रीतसर वागणूक आहे: नेमस्पेसमध्ये (कुबरनेटिसच्या एका विभागात) ‘रेडिस’ नावाची सर्व्हिस असेल, तर तो त्यानंतर सुरू होणाऱ्या पॉडमध्ये (ॲपचे कंटेनर ज्यात चालतात तो गट) स्वतःहून रेडिस_पोर्ट नावाचं व्हेरिएबल घालतो, आणि त्याची किंमत ६३७९ नसते, ‘टीसीपी://१०.९६.०.१२:६३७९’ अशी असते. तुमच्या ॲपला रेडिस_पोर्ट हा आकडा हवा असेल आणि तुम्ही तो स्वतः दिला नसेल, तर ही अख्खी स्ट्रिंग हातात येते. ही आपोआप होणारी भर (सर्व्हिस लिंक) बंद करता येते, व्हेरिएबलला ॲपचा उपसर्ग लावता येतो. मी दोन्ही करतो.

म्हणून प्रत्येक सीक्रेटवर एक समान चाळणी लावा: सुरुवातीला किंवा शेवटी मोकळी जागा नको, नवी ओळ नको, दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं नकोत. इथे बरेच जण विचारतात की तक्रार करण्यापेक्षा ट्रिम का करू नये. सीक्रेटच्या बाबतीत करू नका. तुमचं ॲप ट्रिम करेल, पण तेच सीक्रेट वाचणारं मायग्रेशनचं (डेटाबेसची रचना बदलणारं) साधन किंवा बॅकअपची स्क्रिप्ट करणार नाही. मग एक चालतं आणि दुसरं नाही, आणि दोष शोधणं दुप्पट अवघड होतं. बिघाड उगमाशीच दुरुस्त व्हावा.

यूआरएलबद्दल थोडं. नवी यूआरएल() बनवून एरर आला नाही म्हणजे किंमत बरोबर, असं समजू नका. ‘लोकलहोस्ट:५४३२’ हीसुद्धा त्या पार्सरला चालते. तो ‘लोकलहोस्ट’लाच प्रोटोकॉल समजतो. तेव्हा प्रोटोकॉल कुठला हवा ते नाव घेऊन तपासा, होस्ट रिकामा नाही ना बघा, आणि प्रॉडक्शनमध्ये लोकलहोस्ट आला तर तो नाकारा. डेटाबेसच्या यूआरएलमधल्या पासवर्डात @ किंवा # असेल तर तो %४०, %२३ असा लिहावा लागतो, नाहीतर होस्टचं नाव भलतंच निघतं.

आता ज्यामुळे मला तुमच्या || ची जास्त धास्ती वाटते ते. लॉगची पातळी, पानावर किती नोंदी, टाइमआउट, यांना डिफॉल्ट जरूर द्या. चुकले तर गैरसोय होईल, धोका नाही. पण टोकन सही करण्याची की, डेटाबेसचा पत्ता, कुठल्या ओरिजिनला (वेबसाइटच्या पत्त्याला) परवानगी, कुकी फक्त एचटीटीपीएसवर की नाही, यांना कोडमध्ये डिफॉल्ट असताच कामा नये. सहीच्या कीला ‘चेंजमी’ असा डिफॉल्ट असेल आणि व्हेरिएबल विसरलं, तर रिपॉझिटरी पाहिलेला कुणीही ॲडमिनचं टोकन बनवू शकतो, आणि तुमच्या लॉगमध्ये ते अगदी खरं लॉगिन दिसेल. नमुना फाइलमधल्या किंमती जशाच्या तशा प्रॉडक्शनमध्ये आल्या तर त्या ओळखून नाकारणारी छोटी यादी स्कीमामध्ये ठेवा.

कीची लांबीही तपासा, पण नीट. एचएस२५६ (टोकन सही करण्याची एक पद्धत) साठी किमान २५६ बिटची की हवी असं आरएफसी ७५१८ हे मानक सांगतं, म्हणजे ३२ बाइट. मी अनेक ठिकाणी ‘किमान ३२ अक्षरं’ असा नियम पाहिलाय. की हेक्समध्ये (एक अक्षर म्हणजे ४ बिट) लिहिलेली असेल तर ३२ अक्षरांत फक्त १२८ बिट असतात. आधी डीकोड करा, मग बाइट मोजा.

तुमच्या पेमेंटच्या कीसाठी आणखी एक तपासणी लागेल, ती म्हणजे व्हेरिएबलांची आपसातली. स्ट्राइपसारख्या पेमेंट सेवांच्या चाचणीच्या आणि खऱ्या कीचे उपसर्ग वेगळे असतात. नोड_एन्व्ह प्रॉडक्शन असेल आणि की चाचणीची असेल तर थांबा. आणि उलट, डेव्हलपमेंटमध्ये खरी की आली तर त्याहून आधी थांबा. फाइल साठवण चालू असेल तर बकेटचं नाव आणि दोन्ही की हव्यातच. असे नियम एकेका व्हेरिएबलवर लिहिता येत नाहीत, पूर्ण ऑब्जेक्टवर रिफाइन (झॉडमध्ये आपला नियम जोडण्याची सोय) लावून लिहावे लागतात. फक्त इथे नेटवर्कवर जाऊ नका. की चालते का हे विचारायला सुरू होतानाच बाहेर कॉल केलात, तर त्या सेवेचा पाच मिनिटांचा बिघाड म्हणजे तुमचं ॲप रीस्टार्टच न होणं. आकार तपासणं सुरुवातीला, जोडणी तपासणं रेडीनेस प्रोबमध्ये (ॲप विनंत्या घ्यायला तयार आहे का, ही चालू असतानाची तपासणी).

सीक्रेट लॉगमध्ये सांडण्याबद्दल. नियम एका ओळीचा आहे: एररमध्ये व्हेरिएबलचं नाव आणि काय चुकलं ते येतं, किंमत कधीच नाही. पण लायब्ररी हा नियम आपणहून पाळत नाहीत. झॉडच्या तिसऱ्या आवृत्तीत एनम जुळला नाही की ‘हे मिळालं’ म्हणून आलेली किंमतच संदेशात असते. पायडँटिकची (पायथनमधली झॉडसारखी लायब्ररी) दुसरी आवृत्ती व्हॅलिडेशन एररमध्ये इनपुट व्हॅल्यू छापते. ती लपवण्यासाठी हाइड_इनपुट_इन_एरर्स हे सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. म्हणून मी झॉडचा एरर जसाच्या तसा कधीच फेकत नाही. सेफपार्स (एरर न फेकता निकाल परत देणारी तपासणी) करतो, प्रत्येक इश्यूमधून पाथ घेतो आणि मला लागेल तेवढंच वाक्य स्वतः बनवतो, ‘पेमेंट_की: शेवटी नवी ओळ आहे’ इतकं. सगळ्या चुका एकदमच छापा. पहिल्यावर थांबलात तर सहा चुकांसाठी सहा डिप्लॉय करावे लागतात, आणि चौथ्या डिप्लॉयनंतर माणूस काहीही भरून मोकळा होतो.

किंमतीची लांबी छापावी का? यंत्राने बनवलेल्या लांब कीची छापायला हरकत नाही. ‘अपेक्षित ६४, मिळाली ६५’ एवढ्यावरून नवी ओळ लगेच ओळखू येते. माणसाने ठरवलेल्या पासवर्डची नको.

तपासणी झाल्यावरही गळती होते. कुणीतरी घाईत अख्खा कॉन्फिग कन्सोलवर छापतं, किंवा एरर ट्रॅकर आजूबाजूचा संदर्भ म्हणून तो उचलतो. यासाठी सीक्रेट उघड्या स्ट्रिंगमध्ये ठेवू नका. छोटा क्लास करा, किंमत खासगी फील्डमध्ये, टूस्ट्रिंग, टूजेसन आणि नोडची इन्स्पेक्टची पद्धत तिन्ही ‘[लपवलेलं]’ परत करतील, आणि किंमत हवी असेल तिथे मुद्दाम एक फंक्शन बोलवावं लागेल. पायडँटिकमध्ये हेच सीक्रेटस्ट्र नावाने तयार मिळतं. शिवाय कोड रिव्ह्यूमध्ये त्या फंक्शनचं नाव शोधलं की सीक्रेट कुठे कुठे वापरलंय ते लगेच दिसतं.

चाइल्ड प्रोसेसकडेही (तुमच्या ॲपने सुरू केलेली दुसरी प्रोसेस) लक्ष द्या. स्पॉन करताना वेगळं सांगितलं नाही तर तुमचं पूर्ण एन्व्ह तिच्याकडे जातं. चित्र लहान करणाऱ्या साधनाला डेटाबेसचा पासवर्ड कशाला? त्याला पाथ आणि हवी तेवढी एक-दोन नावं द्या. २०२१ मध्ये कोडकोव्हची (टेस्टनी किती कोड चालवला ते मोजणारी सेवा) अपलोड करणारी स्क्रिप्ट हल्लेखोरांनी बदलली होती, आणि ती ज्या सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) चालली तिथली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेर पाठवत होती. ज्या पायरीला सीक्रेट दिलंच नव्हतं तिथून ते गेलंही नसतं.

काही व्हेरिएबल असायलाच नकोत, म्हणून तीही तपासा. नोड_टीएलएस_रिजेक्ट_अनऑथराइज्ड हे शून्य असेल तर नोड प्रमाणपत्र तपासणं सोडून देतो. कुणीतरी चाचणीसाठी लावलेलं असतं आणि तसंच पुढे जातं. प्रॉडक्शनमध्ये दिसलं की थांबा. जुन्या सीजीआय पद्धतीच्या (रिक्वेस्टचे हेडर एन्व्ह व्हेरिएबल म्हणून ॲपला देणाऱ्या) रचनेत असाल तर २०१६ चं एचटीटीपॉक्सी हे भगदाड आठवा: रिक्वेस्टमधला प्रॉक्सी हेडर तिथे एचटीटीपी_प्रॉक्सी या व्हेरिएबलमध्ये उतरायचा, आणि ॲपच्या बाहेर जाणाऱ्या विनंत्या हल्लेखोराच्या सर्व्हरमार्गे वळवता यायच्या. अशा रचनेत एन्व्हमधलं सगळं आपणच भरलंय हे गृहीतकच खोटं असतं.

फ्रंटएंड असेल तर स्कीमा दोन करा. व्हीट (Vite) या बिल्डच्या साधनात VITE_, नेक्स्ट (Next.js) या फ्रेमवर्कमध्ये NEXT_PUBLIC_ हा उपसर्ग लावलेलं व्हेरिएबल बिल्डच्या वेळी थेट जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये कोरलं जातं. ते कुणालाही वाचता येतं, आणि बिल्डनंतर सर्व्हरवर किंमत बदलून काही होत नाही. त्यामुळे क्लायंटची तपासणी बिल्डमध्ये, सर्व्हरची सुरू होताना. सीआयमध्ये मी बिल्ड झालेल्या फाइलींत खऱ्या कीचे उपसर्ग शोधणारी एक पायरी ठेवतो. सापडला तर बिल्ड नापास.

क्रमाचा एक सापळा ईएस मॉड्यूलमध्ये (इम्पोर्ट लिहून फाइली जोडण्याची जावास्क्रिप्टची पद्धत) आहे. तुम्ही मुख्य फाइलमध्ये डॉटएन्व्ह.कॉन्फिग() वर लिहिलं आणि खाली कॉन्फिग फाइल इम्पोर्ट केली, तरी इम्पोर्ट आधी चालतात. म्हणजे एन्व्ह फाइल वाचली जाण्याआधीच तुमची तपासणी उरकते आणि सगळं ‘नाही’ म्हणते. डॉटएन्व्ह/कॉन्फिग हाच पहिला इम्पोर्ट ठेवा, किंवा नोड २०.६ पासून आलेलं --एन्व्ह-फाइल वापरा.

सुरू होतानाच ॲप पडलं तर साइट बंद पडेल ही भीती तुमच्या टीममध्ये कुणीतरी बोलून दाखवेलच. कुबरनेटिसच्या रोलिंग डिप्लॉयमध्ये नेहमीच्या सेटिंगला तसं होत नाही. नवा पॉड तयार होत नाही, जुने चालत राहतात. पण एकाच सर्व्हरवर जुनी प्रोसेस मारून नवी उठवत असाल तर भीती रास्त आहे. तिथे तपासणीची स्वतंत्र कमांड बनवा, जी फक्त कॉन्फिग वाचते आणि शून्य किंवा एक परत करते. डिप्लॉयची स्क्रिप्ट ती नव्या एन्व्हसह आधी चालवेल, आणि शून्य आलं तरच जुन्या प्रोसेसला हात लावेल.

तीस व्हेरिएबल एका दमात हलवू नका. आधी एक कॉन्फिग फाइल, त्यात स्कीमा, आणि पहिल्या दिवशी फक्त पेमेंट, डेटाबेस आणि सहीच्या की. ईएसलिंटच्या (जावास्क्रिप्ट कोड नियमांनुसार तपासणारं साधन) eslint-plugin-n या प्लगइनमध्ये प्रोसेस.एन्व्हला मनाई करणारा नियम आहे. तो कॉन्फिग फाइल सोडून सगळीकडे लावा आणि जुन्या जागा तात्पुरत्या सूट यादीत टाका. रोज दोन-तीन जागा यादीतून काढत गेलात की महिन्याभरात संपतात. नमुना फाइलमधली नावं आणि स्कीमामधली नावं जुळतात का हे बघणारी एक टेस्ट त्याच दिवशी लिहा, म्हणजे नवीन व्हेरिएबल वाढवणाऱ्याला दोन्हीकडे लिहावंच लागेल.